शोकेसमधला अमेरिकन नाष्टा

मार्च निम्मा सरला की साताऱ्याची हवा कोरडी होते, शाळेच्या आवारातल्या गुलमोहराच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळायला लागतात आणि मी वर्गावर पर्यवेक्षक म्हणून उभी असते. तीन तास बोलायचं नाही, वाचायचं नाही, फार वेळ खुर्चीत बसायचंही नाही. समोर पोरं माना खाली घालून लिहीत असतात. कुणी पेनाचं टोपण चावतं, कुणी वर पंख्याकडं बघत बसतं, जसं काही उत्तर तिथंच चिकटवून ठेवलंय. अशा वेळी माझ्या जिभेवर एक चव येते. तिला मराठीत नाव नाही. थोडी साखर, थोडा पुठ्ठा आणि लहानपणी ताप आल्यावर मिळायचं ते गुलाबी औषध, एवढं एकत्र केलं तर तिच्या जवळपास जाता येईल. परीक्षेचे दिवस म्हटले की लोकांना कैऱ्या आठवतात, उसाचा रस आठवतो. मला अमेरिकन नाष्टा आठवतो.

हे सांगितलं की माणसं हसतात. सांगलीजवळच्या माधवनगरच्या चाळीत वाढलेल्या बाईच्या घरी कुठला आलाय अमेरिकन नाष्टा? पण होता. चांगला दीड महिना आमच्या शोकेसमध्ये उभा होता.

परवा माझ्या मुलानं मोबाईलवर शोधून मला त्याचं चित्र दाखवलं. तेच पिवळंजर्द खोकं, तेच मधोमध दोन भाग, आणि त्यावर उड्या मारणारा तोच गडी. सकाळी दुधात घालून खायचे गोड कुरकुरीत तुकडे, व्हिडिओ गेमच्या नावानं काढलेले. कंपनीनं ते थोड्याच दिवसांत बंदही करून टाकले होते म्हणे. म्हणजे आमच्या घरी ते खोकं आलं तेव्हा त्यातला नाष्टा दुकानांतून केव्हाच उठून गेला होता. मी जरा ऐटीत म्हटलं, "बघ, आम्ही शेवटचे खाणारे असू." मुलगा म्हणाला, "आई, तारीख उलटून गेलेलं खाल्लंत तुम्ही, त्यात ऐट कसली?" हल्लीच्या पोरांना पाकिटावरच्या तारखा वाचायची सवय आहे. आम्ही तारखा वाचायचो त्या फक्त इतिहासाच्या पुस्तकातल्या, आणि त्याही पेपर होईपर्यंत.

आमचं घर दोन खोल्यांचं. आबा, म्हणजे माझे वडील, मागावर कामाला होते. आई कांड्या भरायला जायची. मागाला लागणारं सूत चाकावर गुंडाळून देण्याचं ते काम. संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवयांवर सुताचा भुगा असायचा आणि आमची पिंकी तिला "आई म्हातारी झाली" म्हणून चिडवायची. पिंकी पहिलीत होती, मी सातवीत. आबांचा धाकटा भाऊ, आमचा काका, पलटणीत. त्या वर्षी तो परदेशात होता, कुठल्याशा भांडणाऱ्या देशात शांतता राखायला गेलेल्या तुकडीत. "लोकांची भांडणं सोडवाया गेलाय," आई म्हणायची, "आन् हितं सख्ख्या भावाशी दोन वर्सं बोलत न्हाई." हे खरं होतं. आबा आणि काका यांच्यात अबोला होता. कशावरून, ते आम्हाला पोरींना कधी कळलं नाही आणि मोठ्यांनी सांगितलंही नाही.

तिकडं एका अमेरिकन शिपायाला काकाच्या हातची चपाती आणि बटाट्याची भाजी फार आवडली. त्यानं खूश होऊन हे खोकं काकाला दिलं. काकाचा एक सोबती सुट्टीवर साताऱ्याकडं निघाला होता. त्याच्या ट्रंकेत काकानं ते खोकं घातलं, बरोबर चिठ्ठी दिली, आणि एका रविवारी आबा एसटीनं साताऱ्याला जाऊन ते घेऊन आले. येताना सबंध रस्ताभर त्यांनी ते मांडीवर धरलं होतं. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्यात?"

"अमेरिकन नाष्टा," आबा म्हणाले.

"मग वास कसा येईना?"

"तिकडं नाष्ट्याला वास नसतोय," आबांनी ठोकून दिलं. हा किस्सा त्यांनी चाळीत इतक्यांदा सांगितला की पुढं पुढं त्यात दोन प्रवासी आणि एक म्हातारीपण बोलायला लागली.

चिठ्ठी मात्र चार ओळींची होती. आबांनी ती उभ्यानं वाचली, मग बसून वाचली, मग आईला वाचून दाखवली. "वहिनी, चौदा एप्रिलच्या जयंतीला सुट्टी मंजूर झाली हाय. मी आल्याबिगर खोकं फोडू नगा. समदी मिळून खाऊ. दादाला सांगा." दोन वर्षांनी भावानं भावाला धाडलेला निरोप तो. खोकं फोडायचं नाही, हे त्याच क्षणी ठरलं. ते गेलं शोकेसमध्ये.

शोकेस म्हणजे भिंतीतलं कपाट, त्याला आबांनी काच बसवून घेतली होती. तिच्यात पांढरी बुद्धमूर्ती, आबांचा कबड्डीचा कप, न वापरलेला काचेचा सेट आणि कापडी गुलाब. आमच्याकडं ज्या वस्तूला मान द्यायचा तिला हात लावायचा नाही, अशी रीत होती. चांगले कप पाहुण्यांसाठी, चांगली चादर लग्नाच्या बैठकीसाठी, आणि पाहुणे आले तरी आई म्हणायची, राहू दे, रोजचेच कप काढ. खोकं बुद्धमूर्तीच्या शेजारी उभं राहिलं आणि चाळीतली माणसं बघायला येऊ लागली. शेजारच्या हौसाक्का जतकडच्या, बोलताना अधूनमधून कानडी यायचं त्यांच्या तोंडात. त्या काचेला नाक लावून म्हणाल्या, "अय्यो, हे खायाचं हाय का खेळायचं?"

हा प्रश्न मला फार पटला, कारण मलाही तोच पडला होता. चौकात पडदा लावलेलं एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. आत पोरं जायची. पोरींनी जायचं नाही, असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण कुणी जात नव्हतं. एकदा पडदा वाऱ्यानं उडाला तेव्हा मला आतल्या टीव्हीची काच दिसली, तिच्यात एक इवलासा गडी आगीवरून उड्या मारत पुढं पुढं पळत होता. इतकंच. क्षणभर. तसाच गडी आता आमच्या घरात, काचेमागं, हवेत उडी मारलेल्या अवस्थेत थांबला होता. रोज संध्याकाळी आबा आम्हाला मूर्तीपुढं बसवून पंचशील म्हणवून घ्यायचे. डोळे मिटायचे असायचे. मी एक डोळा किलकिला ठेवून त्या गड्याकडं बघायची. चौथं शील खोटं न बोलण्याचं, ते म्हणतानासुद्धा.

फोडलं मीच. त्याचा दोष मी पिंकीवर कधी घातला नाही. परीक्षा तोंडावर आली होती, आई-आबा कामावर, आणि आम्ही दोघी घरात. मी खोकं उलटं केलं, शिसपेन्सिलीला टोक करायच्या पात्यानं तळाचा चिकटवलेला पुठ्ठा अलगद सोडवला. आत दोन चंदेरी पिशव्या निघाल्या, प्रत्येक भागाची एक. एक पिशवी फोडली. बदाम, बाण, किल्ल्या, असे बोटाच्या पेराएवढे तुकडे, सगळे लालभडक. दुसरी पिशवी तशीच ठेवली आणि पुठ्ठा भाताच्या शितांनी पुन्हा चिकटवला.

पिंकी माझ्याकडं बघत होती. सहा वर्षांची, पण वकिलाची अक्कल. म्हणाली, "तू सांगशील आईला, आन् मलाच मार बसंल. शपथ घे."

"घेतली."

"आशी न्हाई. आईची घे. सांगितलं तर आई मरंल म्हण."

मी गळ्याला चिमटा धरून आईची शपथ घेतली. मग मी तिच्याकडूनही घेतली. ज्यांना ही विद्या ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्यात शपथ घालणं सोपं, काढणं अवघड. ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हणायचं. दुसरं कुणी म्हटलं तर चालत नाही, देवानं म्हटलं तरी नाही, आणि आमच्या घरात तर देवही नव्हते. आबांच्या कानावर हे गेलं असतं तर त्यांनी तासभर समजावलं असतं की शपथेनं कुणी मरत नसतं, ही सगळी अडाणीपणाची लक्षणं आहेत. ते खरंच होतं. पण आबांचं खरं संध्याकाळचं होतं, आणि पोरापोरांतलं खरं दिवसभराचं.

मग आमचा खेळ सुरू झाला. घरात शहाबादी फरशी होती. आम्ही तिच्या चौकोनांवर एकेक लाल तुकडा ठेवायचो आणि ठिकरीसारखं लंगडी घालत जायचो. जो तुकडा ओलांडला तो खायचा. चौकोनाच्या रेघेवर पाय पडला की गडी मेला, पुन्हा पहिल्यापासून. मी त्यात माझा अभ्यासही घुसडला. उत्तर पाठ झालं की एक चौकोन पुढं. सह्याद्रीचे घाट मी असे पाठ केले, एका पायावर, तोंडात साखर विरघळत असताना. आजही कुंभार्ली घाट म्हटलं की मला आधी गोड लागतं. पिंकीला पाठ करायचं काही नव्हतं, ती नुसतीच उड्या मारायची आणि खायची. चौकातल्या पडद्यामागं पोरं काय खेळत होती कोण जाणे, पण आमच्यासारखं खेळत नसणार.

पिशवी हलकी व्हायला लागली तशी मी तिच्यात चुरमुरे भरले. सांगलीकडच्या घरात चुरमुऱ्यांना काय तोटा! आई शुक्रवारी शोकेस पुसायची तेव्हा खोकं कानाजवळ नेऊन हलवायची. आतून खुळखुळ आवाज आला की समाधानानं परत ठेवायची. एकदा म्हणाली, "कसं हलकं हाय बघ. कापूसच जणू." मी भूगोलाच्या पुस्तकात तोंड खुपसलं. चोरीपेक्षा मला माझ्या हुशारीचाच अभिमान वाटत होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पेपर सुरू झाले. उरलेले लाल तुकडे मी एका डब्यात ठेवले होते. मूठभर माझ्या कंपासपेटीत, शकुन म्हणून. एका सकाळी मी मराठीच्या पेपराला गेले. पहिलीची परीक्षा तोंडी, ती आधीच उरकलेली, त्यामुळं पिंकी घरी हौसाक्कांच्या नजरेखाली. मी परत आले तर डबा चाटूनपुसून साफ. दोन पेले तुकडे तिनं एकटीनं, लंगडीबिंगडी न घालता, बसून खाल्ले होते. जीभ लाल, ओठ लाल. मी तिला ओला फडका घेऊन पुसून काढलं.

दुसऱ्या दिवशी मला पेपर नव्हता. सकाळी पिंकी मागच्या गटारीच्या कडेला बसली होती, चाळीतली सगळी लहान पोरं तिथंच बसायची. आई पाण्याचा तांब्या घेऊन गेली आणि तिनं अशी हाक मारली की आबा तोंडातला ब्रश तसाच घेऊन धावले. मीही धावले. सगळं लाल होतं.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या आधी आईला एक मुलगा झाला होता. कवठे महांकाळकडं, आबांच्या गावी. दोन वर्षांचा असताना तो रक्ती आवेनं गेला. दीड दिवसात. आई त्याच्याबद्दल कधी बोलायची नाही. त्याचा फोटो नव्हता, त्याच्या नावानं काही केलं जात नव्हतं. फक्त एक होतं, आम्ही दोघी कितीही मोठ्या होत गेलो तरी आमचं पोट बिघडलं की आई येऊन बघायची. मला लाज वाटायची, मी चिडायची. त्या सकाळी तिचा चेहरा बघितला आणि ती इतकी वर्षं काय बघत होती ते मला कळलं.

तिनं पिंकीला उचललं, पदरात गुंडाळलं आणि चालायलाच लागली. दाराला कुलूप नाही, पायात चप्पल नाही. आबा रिक्षा बघायला पुढं पळाले. मी आत जाऊन शोकेस उघडली. खोक्याच्या डोक्यावर आकडे छापलेले मी आधीही बघितले होते, पण वाचले नव्हते. आता वाचले. चार-पाच वर्षांपूर्वीचं साल होतं. शाळेत बाईंनी सांगितलं होतं, औषधाच्या बाटलीवरची तारीख उलटली की औषधाचं विष होतं. मी कंपासपेटी उचलली आणि रिक्षामागं धावले. ती का उचलली, ते मला आजही सांगता येत नाही.

सांगलीतल्या त्या दवाखान्यात आम्ही दिवसभर होतो. पिंकीला खाटेवर झोपवलं होतं आणि तिला काहीसुद्धा होत नव्हतं. ती बिस्कीट मागत होती. बाई डॉक्टर होत्या, तरुण. त्यांनी पोट दाबून बघितलं, डोळे बघितले, ताप बघितला, आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत गेली. "कालपासून हिनं काय खाल्लंय?"

"आमटी-भात, भाकरी," आई म्हणाली.

"बाहेरचं काही? नीट आठवा."

"न्हाई ओ बाई. भाईरचं काय बी देत न्हाई मी."

आई अगदी खरं बोलत होती. डॉक्टर म्हणाल्या, रक्त तपासायला देऊ, सलाईन लावू, उद्या मोठे डॉक्टर येतील, कदाचित पोटाचं ऑपरेशन करावं लागेल. ऑपरेशन म्हटल्यावर आई भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. आबांचा हात धरून हळूच म्हणाली, "पुन्यांदा न्हाई वो. ह्या टायमाला न्हाई."

मी पिंकीच्या कानाशी गेले. "पिंके, सुटली म्हण."

"न्हाई."

"म्हण गं. डॉक्टरला सांगाया पायजे."

"आई मारंल."

"न्हाई मारणार. म्हण की."

"सुई टोचणार न्हाईत म्हणावं त्यास्नी. मग म्हणते."

तेवढ्यात नर्स सुई घेऊनच आली. पिंकीनं भोकाड पसरलं. दवाखाना डोक्यावर घेतला, पण सुटली काही म्हणाली नाही. मी तिच्या ओठांकडं बघत उभी राहिले. सांगितलं तर आई मरणार. नाही सांगितलं तर पिंकी. बारा वर्षांच्या मुलीपुढं इतका अवघड पेपर कुणी ठेवू नये. आज वर्गात एखादं पोर कोऱ्या कागदापुढं दगड होऊन बसलेलं दिसलं की मी त्याच्याजवळ जाऊन उगीच खिडकी लावते, पाणी देते. त्याला बाकी काही देता येत नाही.

नर्सनं पिंकीचा हात धरला आणि आई आणखी लहान होऊन भिंतीला चिकटली. तेव्हा मी बोलले. सुटली न म्हणताच. खोकं, पातं, शितं, चुरमुरे, ठिकरी, सगळं एका दमात. आबा माझ्याकडं बघत राहिले. त्यांना राग आधी आला की आशा, हे त्यांच्या तोंडावरून सांगता येत नव्हतं. डॉक्टरांना निम्मं कळलं नाही. "कसला नाष्टा? कुठाय तो?"

मी कंपासपेटी उघडली. कर्कटक आणि कोनमापकाच्या मध्ये लाल बदाम.

डॉक्टरांनी पाण्याचा पेला मागवला आणि एक बदाम त्यात टाकला. आम्ही सगळे पेल्यावर वाकलो, नर्ससकट. आधी एक लाल धागा खाली गेला. मग पाणी गुलाबी झालं, मग सबंध लाल. डॉक्टर हसायला लागल्या. खुर्चीत बसून, तोंडावर हात धरून हसल्या. "अहो, रक्त नाही हे! रंग आहे. पोरीनं रंग खाल्लाय. कुठं दुखत नाही, ताप नाही. संध्याकाळपर्यंत बघते आणि सोडते घरी. दोन दिवसांत आपोआप जाईल."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी आबांकडं बघून कळलं. ते खाटेच्या कडेला बसले, आणि पिंकी मागत होती ते बिस्कीट आणायला लगेच उठून गेले. माणूस आनंद विसरतो, बक्षिसं विसरतो. मला सातवीत किती गुण पडले ते आठवत नाही. पण जे व्हायला निघालं होतं आणि झालं नाही, ते अंगातून जात नाही.

पण आईचा विश्वास बसला नाही. पेल्याकडं बघून तिनं मान हलवली. "तुमी शिकलेली माणसं," ती म्हणाली, "आमाला धीर द्यायला काय बी सांगताय. माज्या पोराच्या टायमाला बी असंच सांगितलेलं. काय न्हाई, बरं हुईल. रंग कवा पोटातनं तसाच भाईर येतोय व्हय?" डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. आई ऐकत होती, मान डोलवत होती, आणि तिच्या डोळ्यांत तसूभर फरक पडत नव्हता.

संध्याकाळी पिंकीला घेऊन आम्ही घरी आलो. आईनं हातपाय धुतले, शोकेस उघडली, खोकं बाहेर काढलं आणि तळाशी बोट घालून फाडलं. चुरमुऱ्यांची पिशवी बाजूला ठेवली. दुसरी, न फोडलेली पिशवी दातानं फोडली. आतला मालही लालच होता.

"आगं, काय करतीस?" आबा म्हणाले.

"हिच्या पोटात जे गेलंय ते माज्या बी पोटात जाऊ दे. मग कळंल."

आणि ती खायला लागली. उकिडवी बसून, दूध नाही की पाणी नाही, मुठी मुठीनं. घरात शेवटची भाकरी कधी स्वतःच्या ताटात न घेणारी माझी आई ती अख्खी पिशवी एकटीनं खात होती, काढा घेतल्यासारखं तोंड करून. मधे एकदा म्हणाली, "ह्याला का नाष्टा म्हंत्यात? गोड भुस्सा नुसता." आबांना हसू आलं. मला आलं नाही. मी शपथ मोडली होती, सुटली न म्हणता, आणि माझ्यासमोर आई तारीख उलटलेलं विष खात होती. हिशेब इतका सरळ होता की मला हुंदकाही फुटेना. मी पिंकीला गदागदा हलवून म्हणाले, "आता तरी म्हण," तर ती झोपेत होती.

काका आल्यावर काय झालं, तेही इथंच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. जयंतीच्या आदल्या दिवशी तो आला. चाळीत निळ्या पताका लागल्या होत्या. आबांनी रिकामं खोकं आणि चुरमुऱ्यांची पिशवी त्याच्यापुढं ठेवली आणि सगळी हकिकत सांगितली, न थांबता, मीच सांगितल्यासारखी. दोन वर्षं न बोललेला माणूस अर्धा तास बोलला. काकानं मूठभर चुरमुरे तोंडात टाकले, चावले आणि म्हणाला, "दादा, तिखाट-मीठ लावाया पायजे गड्या." आईनं तेल तापत ठेवलं. लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता पडला, आणि जयंतीला आम्ही सगळ्यांनी मिळून भडंग खाल्लं. अबोला कसा संपला, असं कुणी विचारलं तर मला एवढंच ठाऊक आहे.

पण ते नंतरचं. आधी ती सकाळ यायची होती. मला भूगोलाचा पेपर होता. मी उजाडायच्या आत उठून पायरीवर पुस्तक उघडून बसले होते आणि एक अक्षर दिसत नव्हतं. आई अजून जिवंत आहे, हे मी तीनदा उठून बघून आले होते. मग ती उठली, पदर खोचला, हातात डबा घेतला आणि चाळीच्या टोकाच्या संडासाकडं गेली. तिथं बायकांची रांग होती. आई रांगेत उभी राहिली, हौसाक्का तिच्या मागं. आईचा नंबर आला, ती आत गेली. मी दाराकडं बघत राहिले. पत्र्याचं दार ते.

मग आई हसली. आधी आत, आणि मग दार ढकलून बाहेर येऊन, सगळ्या रांगेसमोर, डबा हातात तसाच धरून. माझी आई तोंडाला पदर लावून हसणारी बाई. मी तिला तसं हसताना आधी कधी बघितलं नव्हतं.

"नंदे!" तिनं सबंध चाळीला ऐकू जाईल अशी मला हाक मारली. "लाल हाय गं! माजं बी लालच हाय!"

रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. हौसाक्कांच्या हातातला डबा पडला. आई तशीच हसत, रडत, धावत माझ्याकडं आली.